हिरडी कलम शस्त्रक्रिया

हिरडी मागे सरकल्यामुळे उघडे पडलेले दाताचे मूळ झाकण्यासाठी किंवा दाताभोवतीची अरुंद व पातळ हिरडी रुंद व जाड करण्यासाठी मुखातील दुसऱ्या जागेचे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या पेशींचा समूह) अथवा त्यास पर्यायी असे द्रव्य त्या ठिकाणी बसविण्याच्या क्रियेस हिरडी कलम शस्त्रक्रिया म्हणतात. ही एकच ठराविक शस्त्रक्रिया नसून परस्परांपासून बऱ्याच भिन्न असलेल्या अनेक तंत्रांचा तो समूह आहे. या तंत्रांतील भेद मुख्यत्वे दोन गोष्टींवर अवलंबून असतो : कलमाला रक्त कोठून मिळते आणि शस्त्रक्रियेने नेमके काय साधावयाचे आहे. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्यास एका रुग्णाला उपयुक्त ठरलेले तंत्र दुसऱ्याच्या बाबतीत निष्फळ का ठरते, हे समजू शकते.

रचना : निरोगी हिरडीची कड दाताच्या ग्रीवेपाशी, म्हणजे शिखरावरील दंतवल्क (एनॅमल) जेथे संपते व मुळावरील सिमेंटमचा थर जेथे सुरू होतो त्या रेषेच्या आसपास असते. कडेलगतची हिरडी घट्ट, फिकट गुलाबी व केराटिनयुक्त असून तिचा बराचसा भाग खालील अस्थीला व मुळाला पक्का जोडलेला असतो. या भागास संलग्न हिरडी म्हणतात. तिच्यापलीकडे ओठ व गाल यांच्याकडे जाणारी लालसर, सैल व सहज हलणारी श्लेष्मकला (बुळबुळीत अस्तर) असते. घास चावताना व दात घासताना होणारे घर्षण संलग्न हिरडी सहन करू शकते. सैल श्लेष्मकलेस ते तितकेसे सोसत नाही. टाळूच्या पुढील कठीण भागावरील अस्तरही केराटिनयुक्त व घट्ट असते. कलमासाठी टाळूचे ऊतक निवडण्याचे कारण हेच होय.

हिरडी मागे सरण्याची कारणे : ताठ ब्रशाने किंवा खरखरीत भुकटीने आडवे व जोरात दात घासणे, दातांवर साचणाऱ्या जंतुयुक्त थरामुळे व किटणामुळे होणारा शोथ (दाहयुक्त सूज), दात ओळीबाहेर असणे, ओठाचा बंध कडेपर्यंत येऊन हिरडी ओढली जाणे, दात सरळ करण्याच्या उपचारात दात अस्थीच्या बाहेर ढकलला जाणे इ. कारणांनी हिरडी मागे सरकते. जन्मतः पातळ हिरडी व मुळाच्या बाह्य अंगावर अस्थीचा अभाव असल्यास हा धोका वाढतो. महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण भागातील स्त्रियांत, मशेरी (तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू) बोटाने दातांना व हिरड्यांना चोळण्याची सवय आढळते. तंबाखूची गोळी खालच्या ओठामागे किंवा गालात धरून ठेवणाऱ्यांमध्ये नेमक्या त्याच ठिकाणची हिरडी मागे सरकलेली दिसते. अशा सवयी चालू असताना केलेली शस्त्रक्रिया टिकत नाही.

मूळ उघडे पडल्याने थंड, गोड वा आंबट पदार्थांनी झिणझिण्या येतात, मुळाची झीज होते वा त्याला कीड लागते आणि हसताना दात लांबट दिसतो. तथापि उघडे पडलेले प्रत्येक मूळ झाकलेच पाहिजे, असे नाही. हिरडी निरोगी राहण्यासाठी केराटिनयुक्त पट्टा सु. २ मिमी. रुंद असावा, असे एन. पी. लँग व एच. लो यांनी १९७२ मध्ये प्रतिपादन केले. नंतर यान वेनस्ट्रम व त्यांचे स्वीडनमधील सहकारी यांच्या संशोधनातून असे दिसून आले की, दात नीट स्वच्छ ठेवले जात असल्यास याहून अरुंद पट्टाही दीर्घकाळ निरोगी राहू शकतो. त्यामुळे केवळ रुंदी कमी आहे म्हणून शस्त्रक्रिया करण्याची पूर्वीची प्रथा मागे पडली. हिरडी उत्तरोत्तर मागे सरत असल्यास, झिणझिण्या इतर उपायांनी थांबत नसल्यास, ब्रश लागताच दुखत असल्यामुळे ती जागा स्वच्छ ठेवता येत नसल्यास, दात सरळ करण्याच्या उपचारापूर्वी हिरडी फारच पातळ असल्यास किंवा रुग्णास दातांचे रूप सुधारावयाचे असल्यास शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.

पूर्वपरीक्षा व वर्गीकरण : मूळ कितपत झाकले जाईल, हे तंत्रापेक्षाही त्या दाताच्या दोन्ही बाजूंच्या अस्थीवर व हिरडीवर अवलंबून असते. अमेरिकन दंतवैद्य पी. डी. मिलर यांनी १९८५ मध्ये याच तत्त्वावर चार वर्ग पाडले. पहिल्या वर्गात हिरडीची कड सैल श्लेष्मकलेच्या रेषेपर्यंत पोहोचलेली नसते, तर दुसऱ्यात ती त्या रेषेपर्यंत किंवा तिच्यापलीकडे गेलेली असते. या दोन्ही वर्गांत दातांमधील अस्थी व ऊतक शाबूत असल्याने मूळ संपूर्ण झाकले जाण्याची अपेक्षा धरता येते. तिसऱ्या वर्गात दातांमधील ऊतकाची काही हानी झालेली असते किंवा दात ओळीबाहेर असतो, म्हणून मूळ अंशतःच झाकले जाते. चौथ्या वर्गात ही हानी इतकी तीव्र असते की, मूळ झाकले जाण्याची आशा धरता येत नाही. इटलीतील एफ. कैरो व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये दातांमधील आधाराची हानी प्रत्यक्ष मोजून तीन प्रकारांचे सुटसुटीत वर्गीकरण सुचविले. परिदंत रोगांच्या वर्गीकरणासाठी २०१७ मध्ये शिकागो येथे भरलेल्या जागतिक कार्यपरिषदेने ते स्वीकारले.

परीक्षेच्या वेळी मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बोथट सळईने उघड्या मुळाची उंची व रुंदी, संलग्न हिरडीचा पट्टा आणि दाताभोवतीच्या फटीची खोली मोजतात. क्ष-किरण चित्रावरून दातांमधील अस्थीची पातळी समजते. शोथ असल्यास तो आधी किटण काढून व दात घासण्याची रीत सुधारून घालवावा लागतो. सुजलेल्या हिरडीवर कलम करीत नाहीत.

इतिहास : ऊतकाचा पट देठासह वळवून शेजारची उणीव भरून काढण्याचे तत्त्व भारतात प्राचीन काळापासून ज्ञात होते. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेपासून नाक घडविण्याची कृती आहे. कपाळाच्या त्वचेचा पट वळवून पुण्यात नाक घडविल्याचे वृत्त १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीन या मासिकात प्रसिद्ध झाले होते. हिरडीच्या बाबतीत एच. ई. ग्रूप व आर. एफ. वॉरेन यांनी १९५६ मध्ये शेजारच्या दाताची हिरडी बाजूला सरकवून मूळ झाकण्याची पद्धत वर्णन केली. टाळूवरून पूर्णपणे सुटे केलेले ऊतक हिरडीच्या जागी लावण्याचे वर्णन स्वीडनमधील एच. ब्यर्न यांनी १९६३ मध्ये केले व एच. सी. सलिव्हन आणि जे. एच. ॲटकिन्स यांनी १९६८ मध्ये त्यामागील तत्त्वांची मांडणी केली. बी. लँगर व एल. लँगर यांनी १९८५ मध्ये मूळ झाकण्यासाठी अधिस्तराखालील (पृष्ठभागावरील पेशीथराखालील) संयोजी ऊतक वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर या शस्त्रक्रियेची दिशाच बदलली.

कलम जगण्याची क्रिया : सुटे केलेले ऊतक नव्या जागी ठेवल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्यास स्वतःचे रक्ताभिसरण नसते. खालच्या जागेतून पाझरणाऱ्या रक्तद्रवावरच ते तग धरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून खालच्या केशवाहिन्या (सूक्ष्म रक्तवाहिन्या) कलमात शिरू लागतात व सु. ११ दिवसांत रक्ताभिसरण बऱ्याच अंशी स्थापन होते. पुढील काही आठवडे ऊतक परिपक्व होत राहते. या काळात कलम हलले किंवा त्याखाली रक्ताची गाठ साचली, तर कोवळ्या वाहिन्या तुटून ते मरते. अस्थीवरील आवरण, म्हणजे पर्यास्थी, रक्त पुरवू शकते परंतु दाताचे मूळ रक्तहीन असल्याने मुळावर येणाऱ्या कलमाच्या भागाला कडेच्या ऊतकाकडूनच रक्त मिळावे लागते. उघडे मूळ जितके रुंद तितका हा पूल लांब आणि तितकाच तो कोसळण्याचा धोका अधिक. निरनिराळ्या तंत्रांचा विकास हा मुख्यतः या एका अडचणीवर मात करण्याचा इतिहास आहे.

तंत्रांचे प्रकार : (१) देठयुक्त पट : यात ऊतक मूळ जागेपासून पूर्णपणे सुटे करीत नाहीत. त्याचा देठ जोडलेला राहत असल्याने रक्तपुरवठा खंडित होत नाही व टाळूवर दुसरी जखमही होत नाही. ग्रूप व वॉरेन यांच्या पद्धतीत पट बाजूच्या दातावरून सरकवितात. एकाच दाताचे अरुंद मूळ उघडे असेल व शेजारची हिरडी जाड व रुंद असेल, तेव्हा ती उपयुक्त ठरते. परंतु शेजारची हिरडी पातळ असल्यास तो दातही उघडा पडण्याचा संभव असतो. डी. डब्ल्यू. कोहेन व एस. ई. रॉस यांनी १९६८ मध्ये दोन्ही बाजूंचे हिरडीचे त्रिकोणी कंगोरे मध्ये आणून जोडण्याची पद्धत सुचविली. शिखराकडे सरकविलेला पट हा आज सर्वांत प्रचलित प्रकार होय. यात उघड्या मुळाखालची हिरडी सैल करून, ताण न देता, दाताच्या ग्रीवेपर्यंत किंवा तिच्या किंचित पलीकडे ओढून शिवतात. इटलीतील जी. झुकेल्ली व एम. डी सँक्टिस यांनी २००० मध्ये एकाच वेळी अनेक दातांसाठी या पद्धतीत सुधारणा केली. हिचा रंग सभोवतालच्या हिरडीशी उत्तम जुळतो. मात्र मुळाखाली पुरेशी रुंद व जाड हिरडी शिल्लक असणे आवश्यक असते.

(२) मुक्त हिरडी कलम : कठीण टाळूवरून अधिस्तरासह सु. १ ते १·५ मिमी. जाडीचा तुकडा कापून, पर्यास्थी उघडी केलेल्या जागेवर टाक्यांनी घट्ट बसवितात. हे कलम पुढे आकसते, म्हणून ते गरजेपेक्षा थोडे मोठे घ्यावे लागते. रक्तपुरवठा केवळ खालच्या बाजूने होत असल्यामुळे रुंद मूळ झाकण्याच्या कामी ते फारसे भरवशाचे नाही. परंतु संलग्न हिरडीचा पट्टा रुंद करणे आणि ओठाची ओढ थांबविणे ही कामे ते उत्तम करते. जोडलेल्या कलमाची कड पुढील काही महिन्यांत आपोआप थोडी शिखराकडे सरकते, असेही काही रुग्णांत आढळते. टाळूचा फिकट रंग व जाडसर पोत कायम राहिल्याने ती जागा ठिगळासारखी दिसते. म्हणून हसताना दिसणाऱ्या वरच्या दातांसाठी ते टाळतात व खालच्या पटाशीच्या दातांसाठी अधिक वापरतात. टाळूवरील उघडी जखम दोन ते चार आठवड्यांत भरून येते, पण पहिले काही दिवस ती बरीच दुखते.

(३) संयोजी ऊतक कलम : येथे टाळूचा वरचा थर झडपेप्रमाणे उचलून आतील संयोजी ऊतकाची पट्टी काढून घेतात व झडप पुन्हा शिवून टाकतात. त्यामुळे टाळूची जखम लवकर भरते व वेदना कमी होतात. ही पट्टी मुळावर ठेवून तिच्यावर हिरडीचा पट ओढून शिवतात. तिला खालून पर्यास्थीचे व वरून पटाचे असे दुहेरी रक्त मिळते आणि मुळावरचा रक्तहीन पूल ओलांडणे सुकर होते. टी. कारिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, वरचा अधिस्तर केराटिनयुक्त व्हावा की नाही हे खालचे संयोजी ऊतक ठरविते. त्यामुळे आतील पट्टीमुळे हिरडीची जाडी वाढते व केराटिनयुक्त पट्टाही रुंद होऊ शकतो, शिवाय बाहेरचा रंग मूळ हिरडीचाच राहतो. टाळू पातळ असल्यास अधिस्तरासह तुकडा घेऊन मुखाबाहेर त्याचा अधिस्तर तासून टाकतात. कधीकधी वरच्या शेवटच्या दाढेमागील उंचवट्यावरून ऊतक घेतात.

(४) लिफाफा व बोगदा पद्धती : जर्मनीतील पी. बी. रेट्झके यांनी १९८५ मध्ये उभे छेद न घेता मुळाभोवती लिफाफ्यासारखी पोकळी करून तीत संयोजी ऊतक सरकविण्याची पद्धत मांडली. ए. एल. ॲलन यांनी १९९४ मध्ये ती लगतच्या अनेक दातांसाठी विस्तारली. दातांमधील कंगोरे न कापता त्यांच्याखालून सलग बोगदा केला जात असल्याने रक्तपुरवठा अधिक अबाधित राहतो व व्रण जवळजवळ दिसत नाही. मात्र पातळ हिरडी आतून सोडविताना फाटण्याचा धोका असल्याने या पद्धतीस सूक्ष्म उपकरणे व सरावलेला हात लागतो.

(५) पर्यायी द्रव्ये : टाळूवरील दुसरी जखम टाळण्यासाठी मृत मानवी दात्याच्या त्वचेतून पेशी काढून टाकून उरलेले जाळे, डुकराच्या ऊतकापासून बनविलेले कोलॅजन प्रथिनाचे जाळे किंवा डुकराच्या वाढत्या दातांतून मिळविलेली दंतवल्क प्रथिने पटाखाली वापरतात. रुग्णाच्याच रक्तापासून केंद्रोत्सारण यंत्राने मिळविलेला फायब्रिनचा थरही वापरला जातो, तसेच तो टाळूच्या जखमेवरही ठेवतात. ही द्रव्ये हवी तितकी मिळू शकतात व अनेक दातांवर एकाच वेळी काम करणे शक्य होते. परंतु त्यांतील बरीचशी महाग असून हिरडीच्या जाडीत पडणारी भर स्वतःच्या ऊतकाने होते तितकी सामान्यतः होत नाही. ही द्रव्ये मृत मानवी वा प्राणिज असू शकतात, याची स्पष्ट कल्पना रुग्णास आधी देऊन त्याची संमती घेणे आवश्यक असते. धार्मिक किंवा आहारविषयक श्रद्धेमुळे ती नाकारण्याचा त्याला अधिकार आहे.

तुलना : केवळ मूळ झाकणे हा हेतू असेल व हिरडी जाड असेल, तर शिखराकडे सरकविलेला पट पुरेसा होतो आणि एकाच जखमेत काम भागते. हिरडी पातळ असेल, तर त्याच पटाखाली संयोजी ऊतक घालणे श्रेयस्कर असते, कारण जाड झालेली हिरडी पुढे मागे सरण्याची शक्यता कमी असते. मूळ झाकण्याबरोबर केराटिनयुक्त पट्टाही वाढवावयाचा असेल, तर संयोजी ऊतक कलम अधिक योग्य ठरते, असा निष्कर्ष कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यातही काढलेला आहे. रूपाचा प्रश्न गौण असून घट्ट पट्टाच हवा असेल, तर मुक्त हिरडी कलम आजही उपयुक्त आहे. अनेक दातांसाठी बोगदा पद्धत किंवा सुधारित पट आणि टाळूवरून ऊतक घेणे शक्य वा मान्य नसल्यास पर्यायी द्रव्ये, असा सर्वसाधारण क्रम लावता येतो. कोणत्याही तंत्राने दातांमधील नष्ट झालेली अस्थी परत येत नाही. मूळ झाकले गेल्यावरही हिरडीचा मुळाशी होणारा सांधा बहुधा अधिस्तराचा व काही प्रमाणात तंतूंचा असतो. नवे सिमेंटम, नवे तंतू व अस्थी यांची खरी पुनर्निर्मिती मर्यादितच होते.

धोके व काळजी : ही शस्त्रक्रिया सामान्यतः केवळ ती जागा बधिर करून करतात व रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. टाळूतून जाणारी मोठी रोहिणी मागच्या दाढांजवळ अस्थीतून बाहेर पडून पुढे येते. तिला इजा होऊ नये म्हणून ऊतक बहुधा सुळा ते पहिली दाढ यांच्या दरम्यानच्या भागातून, रोहिणीपासून अंतर राखून घेतात. कलमाचा काही भाग मरणे, टाळूतून रक्तस्राव, सूज, जंतुसंसर्ग, तात्पुरती बधिरता व रंगातील विसंगती हे संभाव्य उपद्रव होत. रक्त गोठू न देणारी औषधे, अनियंत्रित मधुमेह व रक्तस्रावाचे विकार यांची माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच दंतवैद्यास द्यावी. अशी औषधे रुग्णाने आपणहून बंद करू नयेत.

शस्त्रक्रियेनंतर सु. दोन आठवडे त्या जागी ब्रश न लावता क्लोरहेक्झिडीनच्या विद्रावाने हळुवार चूळ भरतात. मऊ व कोमट अन्न घ्यावे आणि कलम पाहण्यासाठी ओठ ओढू नये. टाळूतून रक्त आल्यास जोराने चूळ न भरता ओल्या स्वच्छ कापडाची घडी काही मिनिटे दाबून धरावी व ते न थांबल्यास दंतवैद्याकडे जावे. टाके बहुधा १० ते १४ दिवसांनी काढतात. धूम्रपान व तंबाखू यांमुळे मूळ झाकले जाण्याचे प्रमाण घटते, म्हणून त्या पूर्णपणे सोडणे इष्ट असते. अंतिम परिणाम ठरविण्यासाठी काही महिने थांबावे लागते.

ज्या कारणाने हिरडी मागे सरकली ते कारण कायम राहिल्यास कलम केलेली हिरडीही पुन्हा मागे सरकते. मऊ ब्रश, हिरडीकडून शिखराकडे हलकेच दात घासण्याची रीत, मशेरी व तंबाखू यांचा त्याग आणि ठराविक काळाने किटण काढणे, हे उपाय शस्त्रक्रियेच्या आधी व नंतरही तितकेच आवश्यक असतात. ते वेळीच केल्यास हिरडीचे मागे सरणे पुष्कळदा आहे त्या ठिकाणी थांबविता येते व शस्त्रक्रियेची गरजही उरत नाही.